एकाच कोठीत ठेवलेली पाच कामं

मी भागवत दुर्गाबाई ठोंबरे, वय २४ वर्षे, शिक्षण नववी पास, धंदा खाजगी नोकरी (कॅमेरा फिटिंग व संगणक दुरुस्ती), मूळ राहणार केदारखेडा, ता. भोकरदन, जि. जालना, हल्ली मुक्काम हैदराबाद. हैदराबादची गल्ली व घर नंबर मी तोंडी सांगितला आहे. तो इथं लिहू नये अशी विनंती केली, ती मॅडमनी मान्य केली. वडिलांचं नाव विचारलं असता मच्छिंद्र असं सांगितलं. ते हयात आहेत. कुठं राहतात ते मी माहीत करून घेतलेलं न्हाई. आई माझ्यासोबत राहते.

आज दिनांक १३ नोव्हेंबर २०२५, गुरुवार रोजी सकाळी अकरा वाजता मी स्वतःहून पोलीस ठाण्यात हजर झालो. मला कोणी आणलेलं न्हाई, कोणी धमकावलेलं न्हाई. लाइट गेलेली असल्याने हवालदार मॅडम जबाब हाताने लिहून घेत आहेत, खाली कार्बन लावून. विचारल्यावरून समक्ष सांगतो की,

मी हैदराबादला पाच वर्षांपासून आहे. त्याआधी सुरतेत सात महिने, पुण्यात दोन महिने आणि वाळूजला एका कंपनीत अकरा दिवस काम केलं. एका जागी टिकत न्हाई अशी घरची पण तक्रार आहे. हैदराबादला टिकलो, कारण दुकानात कॉम्प्युटर हाताला लागला. दुकानातल्या उस्तादांनी शिकवलं, बाकीचं व्हिडिओ बघून शिकलो. इंग्रजी वाचता येतं, समजतं कमी. कमांड पाठ आहेत.

दुकानाच्या कामाशिवाय मी आपल्या भागातल्या लोकांची लहान लहान कामं करून देतो. अशी पाच कामं चालू होती. वजनकाट्याची स्लिप काढायचं, दूध डेअरीचं, एका शिकवणीच्या हजेरीचं, एका मंडपवाल्याच्या खुर्च्या-भांड्यांचं, आणि पाचवं ओसरी महिला संस्थेचं.

सदर पाचही कामं मी एकाच जागी ठेवत होतो. त्या जागेला बेअर रिपॉझिटरी म्हणतात. मॅडमनी ते काय असतं असं विचारलं. मी सांगितलं की गिट म्हणून एक पद्धत आहे, त्यात केलेल्या कामाची प्रत्येक पायरी सांभाळून राहते. आजचं बिघडलं तर कालच्यावर परत जाता येतं. बेअर म्हणजे तिथं बसून काम करायचं नसतं, नुसती साठवण. आपण आपल्या लॅपटॉपवर काम करायचं आणि तिथं ढकलून द्यायचं. तो फोल्डर उघडून बघितला तर आपली एक पण फाइल नावानिशी दिसत न्हाई.

मॅडम म्हणाल्या, "म्हणजे धान्याची कोठी."

मी हो म्हणालो.

"खण किती?"

"पाच. त्याला शाखा म्हणतात. एका शाखेचं दुसरीशी काही घेणंदेणं न्हाई."

"अन् कुलपं?"

"एकच."

मॅडमनी पेन थांबवलं आणि माझ्याकडं पाहिलं. मंग पुढं लिहायला लागल्या.

ही कोठी उस्तादांनी दुकानातल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर करून ठेवलेली होती. उस्ताद आखातात गेले, जाताना तो कॉम्प्युटर मला वापरायला दिला. दुसरी कोठी करता येत नव्हती असं न्हाई. एका ओळीची कमांड आहे. पण दरवेळी नवी करा, तिचं लॉगिन करा, पासवर्ड करा, ध्यानात ठेवा. आहे त्याच्यात बराबर चालून राह्यलं होतं. आणि मला त्याचा गर्व पण होता. पाच गिऱ्हाइकं एका कोठीत अन् एकाचं दुसऱ्याला लागत न्हाई, असं मी खोलीवर रिजवानला दाखवलं होतं. रिजवान भोकरदनचा आहे, आम्ही शेजारशेजारच्या खोलीत... आता खोलीबद्दल लिहू नका. रिजवान माझा मित्र आहे, एवढंच लिहा.

ओसरी संस्थेबाबत विचारलं असता सांगतो की, ही संस्था उषाबाई चालवतात. मी त्यांना उषामावशी म्हणतो. ज्या बायांना घरात मारहाण होते अन् माहेरचे परत नेऊन सोडतात, अशा बायांना मावशी आपल्या ओळखीच्या घरी ठेवतात. संस्थेची इमारत न्हाई, पाटी न्हाई. गावोगावच्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाया आहेत, त्यांच्याकडं बाई पाव्हणी म्हणून जाते. भाची आली, नणंदेची सून आली, असं गावात सांगतात. पाव्हणीला आपल्याकडं कोणी कागद मागत न्हाई. अशी अकरा घरं जिल्ह्यात आहेत. होती.

मी दुसरीत असताना आई अन् मी अशा एका घरी चार महिने राह्यलो होतो. ते घर झुंबरबाईंचं. ज्या गुन्ह्याचा हा जबाब आहे त्यात मार लागलेल्या झुंबरबाई त्याच.

मावशींनी मला बायांच्या तारखा, दवाखाना, कोर्ट हे ध्यानात आणून देणारं एक ॲप करायला सांगितलं होतं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी त्यांच्या वहीवरून अकरा घरांची यादी टाइप केली. घरवालीचं नाव, गाव, पाव्हणीच्या नावाचं पहिलं अक्षर, लेकरं किती, आल्याची तारीख. चाचणीपुरती म्हणून ती फाइल कामाच्या बाकी फायलींसोबत कोठीत गेली.

वीस सप्टेंबरला मावशींचा फोन आल्ता. म्हणाल्या, "भागवत, नावं मशीनमध्ये ठेवू नको रे बाबा. वही कशी, चुलीत घालता येते."

मी म्हटलं, "पुसतो मावशी."

त्याच दिवशी मी फाइल काढली. गिटमध्ये काही बदललं की काय बदललं त्याची एक ओळ लिहावी लागते. मी लिहिलं, 'घरांची यादी काढली'. आणि मावशींना कळवलं की पुसली.

ती पुसलेली नव्हती. फाइल काढली की पुढच्या पायरीवर दिसत न्हाई. मागच्या पायरीवर असतेच. त्यासाठीच तर गिट आहे. मला हे माहीत होतं. मॅडमनी दोनदा विचारलं म्हणून दोनदा सांगतो, मला माहीत होतं. ध्यानात आलं न्हाई.

कल्याण शेठ यांच्याबद्दल सांगतो की, त्यांचा राजूर रोडला वजनकाटा आहे. कापसाची, मोसंबीची वाहनं तिथं मोजतात. त्यांचं काम सप्टेंबरअखेर माझ्याकडं आलं. घरी कोण कोण असं मी विचारलं होतं, तेव्हा "बायको माहेरी गेली, येईल" असं ते म्हणाले होते. त्यांच्या पत्नीचं नाव वंदना आहे हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं. मी टाइप केलं तेव्हा झुंबरबाईंच्या नावापुढं 'वं.' एवढंच होतं. मुलगी एक. तारीख एकोणतीस ऑगस्ट.

शेठचा पुतण्या बबलू काट्यावर बसतो. तो बीसीए झालेला आहे. माझ्यापेक्षा जास्त शिकलेला आहे. दिनांक १० नोव्हेंबर, सोमवार, सायंकाळी सहा वाजता त्याचा फोन आल्ता की स्लिपवर रिकाम्या गाडीचं वजन उलटं पडून राह्यलं, काका बोंबलून राह्यले, तू येतो कधी अन् करतो कधी, मलाच कोड दे. शेठ त्या दिवशी स्वतः आठ वेळा फोन करून बोलले होते. मी वैतागून गेल्तो. मी बबलूला कोठीचं लॉगिन दिलं आणि फक्त काट्याची शाखा उतरवायची कमांड लिहून पाठवली. ती त्याच्याकडं चालली न्हाई. त्याने त्याला कॉलेजात शिकवलेली साधी कमांड मारली. साध्या कमांडने सगळी कोठी येते. पाची खण, पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या पायऱ्यांसकट. कोणाला एकच खण बघू द्यायचा अन् बाकीचे न्हाई, असं त्या कोठीत करता येत न्हाई. आलं की सगळं येतं.

दिनांक ११ नोव्हेंबर, मंगळवार, सकाळी दहा वाजून पन्नास मिनिटांनी बबलूचा फोन आला. झालेलं बोलणं आठवतं तसं सांगतो.

"भाऊ, झालं बरं का दुरुस्त. तू वजाबाकी उलटी केल्ती. नववीत वजाबाकी न्हाई का रे?"

मी हसलो. म्हटलं, "मास्तर सुट्टीवर होते."

"अन् काय काय भरून ठेवलं रे तू? खुर्च्या हाईत, दूध हाय, पोरांची हजेरी हाय. किराणा दुकान टाकलं का?"

मी म्हटलं, "ते तुझं न्हाई, त्याच्याकडं बघू नको."

"आता बघून झालं ना. तूच लिहून ठेवलं, घरांची यादी काढली. मी म्हटलं काय काढलं बघू तर खरं."

एवढ्यात फोन शेठने घेतला. शेठ नेहमी मोठ्याने बोलतात. तेव्हा हळू बोलले.

"भागवत, तू लई कामाचा माणूस निघाला. मी एक मागितलं, तू पाच दिले."

मंग त्यांनीच विचारलं,

"ते पाच नंबरचं कुणाचं रे? ओसरीचं?"

मी म्हटलं, "एका संस्थेचं हाय शेठ. त्याचा आपल्याला काय उपयोग न्हाई."

"न्हाई ना. बरं. अजून काही राह्यलं असंल तर कर आरामशीर. घाई न्हाई."

फोन बंद झाला. आदल्या दिवशी आठ फोन करणारा माणूस घाई न्हाई म्हणाला. तेव्हाच मला समजलं की यादी त्यांनी वाचली. वेळ दहा वाजून पंचावन्न.

त्यापुढं काय केलं असं विचारलं असता सांगतो की, मी यादी पुसायला बसलो.

पहिल्यांदा पासवर्ड बदलला. मंग ओसरीची शाखा काढली. मंग मागच्या सगळ्या पायऱ्या नव्याने लिहायची एक रीत आहे, ती व्हिडिओ लावून केली. एकदा चुकली, डेअरीचं काम अर्धं उडालं, ते परत आणलं. शाखा गेली तरी जुना तुकडा त्याच्या नंबराने मागितला की कोठी देत होती. मंग कचरा काढायची कमांड मारली. परत मागून बघितलं. देत होती. परत मारली. दुकानात गिऱ्हाईक येऊन गेलं, मी उठलो न्हाई. मालक काहीतरी बोलले. जेवलो न्हाई. दोन वाजून दहा मिनिटांनी कोठीने उत्तर दिलं की अशी वस्तू इथं न्हाई. मी तीनदा मागून बघितलं. तीनदा न्हाई म्हणाली. मला फार हलकं वाटलं. हे सांगायला नको, पण वाटलं. त्यानंतर मी बाकीचे खण तपासत बसलो.

साडेतीनला रिजवान दुकानात आला. माझं तोंड बघून म्हणाला, "क्या हुआ मियाँ, कौन मरा?" मी सगळं सांगितलं. अन् म्हटलं, पण आता पुसलं, चिंता न्हाई.

रिजवान म्हणाला, "तेरे पास का पुसा. उसके पास गया सो उसका क्या?"

मी स्क्रीनकडं पाहिलं.

"बाई कू फोन करा तू?"

मी न्हाई म्हणालो.

"सुबह से न्हाई?"

त्याने माझा फोन टेबलावरून उचलून माझ्या हातात दिला.

दहा पंचावन्न ते तीन अडतीस. चार तास त्रेचाळीस मिनिटं. या वेळात मी हैदराबादमधून एक फोन केला असता तर काय झालं असतं हे मॅडमनी विचारलेलं न्हाई. मीच लिहायला सांगत आहे.

तीन अडतीसला आणि तीन पंचेचाळीसला उषामावशींनी फोन उचलला न्हाई. चार वाजून दोन मिनिटांनी त्यांचाच आला. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "कोणती यादी? तू पुसली म्हणाला होतास."

मी म्हटलं, "मावशी, ती पुसत न्हाई."

"किती घरं?"

"सगळी."

मागं कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. मंग म्हणाल्या, "फोन ठेव. लाइन मोकळी कर."

घटनेच्या वेळी मी हैदराबादला होतो. पुढचं मला झुंबरबाईंनी व उषामावशींनी सांगितलं ते असं. चार वाजून दहा मिनिटांनी मावशींनी झुंबरबाईंना फोन लावला. वंदना भाकरी करत होती, पोरगी ओट्यावर अभ्यास करत होती. शेजारच्या पोरीच्या स्कूटीवर दोघी मायलेकी मागच्या वाटेनं चार पंचवीसला निघाल्या. झुंबरबाई निघाल्या न्हाईत. मावशींनी सांगितलं होतं, तुम्ही पण निघा. त्या म्हणाल्या, "मी निघाले तर घराला कुलूप दिसंल. कुलूप दिसलं की मागं लागतील." म्हणून त्या दाराशी शेंगा फोडत बसल्या.

चार पन्नासला पांढरी बोलेरो आली. शेठ अन् अजून दोन इसम. बबलू नव्हता. शेठने विचारलं पाव्हणी कुठं. झुंबरबाई म्हणाल्या, "आल्या किती, गेल्या किती, तू कोणती म्हणतो?" तव्यावर भाकर करपून राह्यली होती, ती शेठने पाहिली. दोन ताटं पाहिली. पोरीची वही ओट्यावर राहून गेल्ती, तिच्यावर नाव होतं. त्यानंतर जे झालं ते फिर्यादीत आलेलं आहे. उजवा हात दोन ठिकाणी मोडला. वय अडुसष्ट. त्यांनी वाट सांगितली न्हाई.

शेठ सकाळी अकराला निघाले असते तर साडेबाराच्या आत पोहोचले असते. ते का निघाले न्हाईत हे मला बबलूच्या मेसेजवरून कळलं. मंगळवारी सायंकाळी सात वाजून चार मिनिटांनी त्याचा मेसेज आला, तो मी मॅडमना दाखवला आहे. त्यात लिहिलं आहे की कापसाच्या चौदा गाड्या लायनीत होत्या, काका म्हणाले आधी गाड्या मोजू. सगळ्या मोजल्या, मंग गेले. त्याच्याखाली दुसरा मेसेज आहे. 'भाऊ तिकडचं तू उडवलं काय? टेन्शन घेऊ नको, माझ्याकडं फुल कॉपी हाय, पायजे तर पाठवतो.' पुढं अंगठ्याचं चित्र आहे.

बबलूने हे मदत म्हणून लिहिलं असं माझं मत आहे. त्याला काकाने काय केलं ते तेव्हा माहीत नसावं. ही कॉपी अजून कोणाला दिली का, असं मी त्याला उलट लिहून विचारलं. त्याने पाहिलं. उत्तर दिलं न्हाई.

मी त्याच रात्रीच्या गाडीने निघालो, बुधवारी सकाळी जालन्याला उतरून सरळ दवाखान्यात गेलो. झुंबरबाईंनी मला सोळा-सतरा वर्षांनी पाहिलं. म्हणाल्या, "दुर्गीचा तू. लई वाळला रे. तिकडं भात खाऊन राह्यला वाटतं नुसता."

मी पायाशी बसलो. त्यांनी विचारलं, "तुझ्या त्या कंपुटरात माझं नाव कसं लिव्हलं होतं? झुंबर, का झुंबरबाई?"

"झुंबरबाई."

"मंग ठीक."

त्या हसल्या अन् हात हलला म्हणून कळवळल्या. मी सकाळपासून दुपारपर्यंत काय करत होतो हे त्यांना सांगितलेलं न्हाई. त्यांनी विचारलं पण न्हाई. निघताना म्हणाल्या, "आईला सांगू नको. ती रडत बसंल." मी आईला सांगितलेलं न्हाई.

बाकी दहा घरांबाबत सांगतो की, मावशींनी मंगळवारी रात्रीपासून सगळ्या पाव्हण्या हलवायला घेतल्या. सात घरं रिकामी झाली. काल, बुधवारी दुपारी अडीचच्या सुमारास, यादीतल्या आठव्या घरी एक इसम मोटारसायकलवर आला. पाणी मागितलं. पाणी पिऊन म्हणाला, "तुमच्याकडं पाव्हणी आली म्हणं." घरवाली बाई न्हाई म्हणाली. तो बराच वेळ लिंबाखाली बसून राह्यला अन् निघून गेला. त्याचं वर्णन मावशींनी मला सांगितलं. तो कल्याण शेठ न्हाई. बबलू न्हाई. बोलेरोमधल्या दोघांपैकी पण न्हाई. तो कोण आहे हे कोणालाच माहीत न्हाई. त्या घरी तेव्हा बाई होती. आता न्हाई.

सदर इसमाकडं ते गाव कुठून आलं, याचा मी रात्रभर विचार केला. कोठी हैदराबादला आहे, ती मी मंगळवारीच रिकामी केली. बबलूकडं एक आहे. बबलूकडून किती निघाल्या ते मोजता येत न्हाई. उतरवलेली प्रत्येक कॉपी पुरी असते, तिला मूळ कोठीची गरज पडत न्हाई. बबलूचा लॅपटॉप अन् काट्यावरचा कॉम्प्युटर लवकरात लवकर ताब्यात घ्यावा अशी माझी विनंती आहे. त्याने यादी परत येणार न्हाई हे मला माहीत आहे. अजून फुटू नये म्हणून सांगतो.

माझ्यावर पण गुन्हा दाखल होऊ शकतो असं मला सांगण्यात आलं. मी समजलो.

कल्याण शेठ फरार आहेत असं इथं आल्यावर कळलं. आज सकाळपासून माझ्या फोनवर एका नवीन नंबरवरून सहा फोन येऊन गेले. मी उचललेले न्हाईत. नंबर मॅडमनी उतरवून घेतला. सातवा फोन जबाब चालू असताना आला. टेबलावर फोन फिरत होता, आम्ही दोघं बघत होतो, थांबेपर्यंत.

त्यानंतर मॅडमनी विचारलं की वंदना अन् तिची मुलगी सध्या कुठं आहेत. मावशी मला सांगत होत्या तेव्हा मीच सांगू नका म्हणालो होतो. पण झुंबरबाई दवाखान्यात बोलता बोलता बोलून गेल्या. दोन रात्री झोप न्हाई, फोन नुकताच वाजून थांबलेला, मी गावाचं नाव सांगून गेलो. मॅडमनी लिहिलं. पान तीन, खालून पाचवी ओळ.

लिहिल्यावर मला समजलं. मी म्हटलं, "मॅडम, ते काढा."

मॅडमनी त्याच्यावर दोन आडव्या रेघा मारल्या, बाजूला सही केली. "झालं. खोडलं."

मी कागद मागून घेतला अन् खिडकीकडं धरला. नाव वाचता येत होतं. सगळ्या पानात तेवढीच एक खोडलेली जागा होती, नजर सरळ तिथंच जात होती. मी म्हटलं, "मॅडम, हे वाचता येतं."

"अरे कोण वाचणार आहे?"

"या जबाबाची नक्कल कोणाकोणाला मिळते?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मंग म्हणाल्या, "कोर्टात गेल्यावर सगळ्या कागदांची मिळते. आरोपीला."

"सगळ्या?"

"सगळ्या. फाइल एकच असते."

त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. मंग कोरा कागद घेतला अन् पान तीन पहिल्यापासून परत लिहिलं. मी ओळ ओळ सांगत गेलो. जुनं पान त्यांनी माझ्यासमोर फाडलं. मी कार्बनकडं बघितलं. त्यांनी कार्बनखालची प्रत फाडली. मी परत बघितलं, तर कार्बनचा कागद पण काढून उजेडाला धरला, त्याच्यावर अक्षरं उलटी दिसत होती, तो पण फाडला. खालच्या कोऱ्या पानावर पेनाचा दाब उमटला होता. ते पण. तुकडे त्यांनी चहाच्या कपातल्या उरलेल्या चहात बुडवले.

"आता झालं समाधान?"

मी म्हटलं, "मॅडम, तुमच्या पण ध्यानात राह्यलं असंल."

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं अन् म्हणाल्या, "कोणतं गाव?"

त्यांनी पेन उचललं. मी पुढचं सांगायला लागलो.

गावाचं नाव आता माझ्याकडं आहे. ते कुठं लिहिलेलं न्हाई. माझा नंबर कल्याण शेठकडं आहे, बबलूकडं आहे, अजून कोणाकडं आहे ते माहीत न्हाई. इथून मी कुठं जाणार असं विचारलं असता मी सांगितलेलं न्हाई, आणि ते लिहू नये.

एवढाच माझा जबाब. मॅडमनी तो पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचला, मी ऐकला, मी सांगितला तसाच आहे. पान तीन दोन वेळा लिहिलेलं आहे. दुसऱ्या वेळचं बराबर आहे. त्यात जे न्हाई ते माझ्याच सांगण्यावरून न्हाई.

सही
भागवत दुर्गाबाई ठोंबरे